वाट स्वतः शोधायला लावणारे गेम: माझी मतं, आणि पुढे काय खेळू?

तिपाई, कर्वेनगर

आधी काय हवंय ते सांगते. पीसीवरचा, एकटीने खेळायचा गेम, ज्यात वाट मला शोधावी लागेल. लॅपटॉपमध्ये जीटीएक्स १६५० कार्ड आहे, त्याला झेपला पाहिजे. रात्री ओटा आवरून झाला की तासभर मिळतो, त्यामुळे हवा तिथे थांबवता आला तर उत्तम.

माझं काम सर्वेक्षणाचं. मुळशी, वेल्हे, भोर या बाजूला टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) घेऊन फिरायचं, पॉइंट घ्यायचे आणि ऑफिसात येऊन कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, काढायचे. त्यामुळे नवा गेम उघडला की माझी नजर आधी नकाशावर जाते. तो कोणी काढलाय, किती दाखवतो, माझ्यासाठी काय शिल्लक ठेवतो. लहानपणी नारायण पेठेत मामाकडे ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळायचो, तेव्हाही भावांना लढाईची घाई असायची आणि मला काळ्या नकाशावर घोडेस्वार फिरवायला आवडायचं. तो सगळा उजळला की माझ्यापुरता खेळ संपलेला असायचा.

गेल्या काही वर्षांत जे खेळले त्याबद्दल लिहिते, म्हणजे सुचवणाऱ्याला अंदाज येईल.

नकाशाचा सगळ्यात सुंदर विचार मी ‘हॉलो नाइट’मध्ये पाहिला. २०१७ चा गेम, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या छोट्या चमूने केलेला. जमिनीखाली किड्यांचं एक ओस पडलेलं राज्य आहे. नव्या भागात उतरलात की नकाशा नसतोच. कुठेतरी कॉर्निफर नावाचा नकाशे काढणारा बसलेला असतो, तो गुणगुणत असतो आणि आसपास त्याचे कागद पडलेले दिसतात. त्या आवाजाच्या आणि कागदांच्या मागावर जाऊन त्याला गाठायचं, पैसे मोजायचे, आणि हातात येतो तो अर्धवट नकाशा. उरलेला तुम्ही भरायचा, तोही लेखणी विकत घेतली असेल तर आणि बाकावर जाऊन बसल्यावरच. ‘मी इथे आहे’ ही खूणसुद्धा फुकट मिळत नाही. त्यासाठी होकायंत्राचं चार्म, म्हणजे एक ताईत, लावावं लागतं आणि ते एक खाच अडवून बसतं, जिथे लढाईत उपयोगी पडणारं दुसरं काहीतरी मावलं असतं. हे मला फार खरं वाटलं. दिवसभर उन्हात पॉइंट घेतले तरी रेषा उमटतात त्या संध्याकाळी टेबलाशी बसल्यावरच. डीपनेस्ट नावाच्या भागात अंधार, अरुंद बोळ, भिंतीआडून येणारी खसफस, आणि कॉर्निफरचा पत्ता नाही. तिथे मी घाबरले होते, पण उठवत नव्हतं. लढायांमध्ये मला मँटिस लॉर्ड्स आवडले, कारण जिंकल्यावर ते वाकून मान देतात आणि त्यांच्या गावातले बाकीचेही नंतर अंगावर येत नाहीत.

‘एल्डन रिंग’ (२०२२) सगळ्या सेटिंग खाली ओढून खेळले. यातला नकाशा तुकड्यातुकड्यांनी मिळतो. न पाहिलेल्या भागावर नुसता तपकिरी धुरळा असतो, पण त्यात एका शिलास्तंभाची बारीक खूण दिसते. तिथवर जीव मुठीत धरून घोडा पळवायचा आणि तुकडा उचलायचा. उचलल्यावर खरी मजा सुरू होते, कारण तो नकाशा वाचावा लागतो. पडक्या भिंती, रस्त्यांचे फाटे, खाणींची तोंडं हे सगळं त्यात रंगवलेलं आहे, पण कशालाही नाव नाही. मी टोपोशीट वाचावी तसा तो वाचत बसायचे. कडा कुठे संपतो, ओढा कुठे उतरतो, मग खाली जायला वाट कुठून असेल. आणि नकाशाची चौकट तुम्ही हिंडाल तशी मोठी होत जाते. सुरुवातीला वाटतं हे एवढंच जग, मग पूर्वेकडे एका पेटीच्या सापळ्यातून एकदम दुसऱ्याच लाल प्रदेशात फेकले जाता आणि कळतं की कागद अजून बराच गुंडाळलेला आहे. सिओफ्रा नदीच्या विहिरीतली लिफ्ट खाली उतरतच राहते आणि खाली आभाळभर तारे दिसतात. त्या जागी मी गेम तसाच चालू ठेवून नुसती बघत राहिले. पॉज नाही हे खरं, पण बाहेर पडलं की पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतो, त्यामुळे माझं अडलं नाही.

‘द विचर ३’ (२०१५). लेखन अप्रतिम. ब्लडी बॅरनची गोष्ट संपली त्या रात्री मला झोप लागली नाही. कोणाची बाजू घ्यावी हे अजूनही ठरत नाही. पण नकाशा? प्रश्नचिन्हांचा सडा! स्केलिगेच्या समुद्रात तर होडी घेऊन एकेका प्रश्नचिन्हापाशी जायचं आणि बुडलेल्या पेट्या काढायच्या, बस. ज्या लोकांनी बॅरनसारखा माणूस लिहिला त्यांनीच समुद्र असा भरावा याचं मला मनापासून वाईट वाटलं.

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’त बाणाऐवजी वारा दिशा दाखवतो. दिसायला देखणं, पण वाऱ्याकडे बघत चाललं की डोंगराकडे बघणं सुटतं. अर्ध्यात सोडला.

‘फायरवॉच’ (२०१६) छोटा आहे, दोन-तीन रात्रींचा. वायोमिंगचं जंगल, १९८९ चा उन्हाळा, हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र. ‘तुम्ही इथे’ ही खूण सेटिंगमध्ये जाऊन बंद करा आणि मगच खेळा. शेवटाबद्दल लोकांची तक्रार असते, मला तो योग्य वाटला.

‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९) बद्दल कमी लिहिते, कारण जितकं सांगावं तितकं पुढच्याचं नुकसान. एक छोटी सूर्यमाला, आणि दर २२ मिनिटांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. हत्यार नाही, ताकद वाढत नाही, नवी किल्ली मिळत नाही. वाढतं ते फक्त तुमच्या डोक्यातलं. एक ग्रह आतून ढासळत असतो, एका ग्रहाची वाळू शेजारच्यावर वाहत असते, त्यामुळे ‘कुठे’ इतकंच ‘कधी’ला महत्त्व. जागा आणि वेळ दोन्हींचा नकाशा मनात तयार करावा लागतो. मला हा गेम विसरून पुन्हा पहिल्यांदा खेळायचाय.

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) लुकास पोप या एका माणसाचा. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता झालेलं जहाज परत आलंय, तुम्ही विम्याचे निरीक्षक. ६० माणसं, प्रत्येक जण कोण आणि कसा गेला ते ओळखायचं. वहीत प्रत्येक डेकचा आराखडा आहे. जहाजावर आपल्याकडचे खलाशीही आहेत. त्यांच्यातले दोघे आजाराने जातात, आणि त्यांची नावं शोधताना मी फार हळवी झाले, कारण कंपनीच्या खऱ्या जहाजांवरच्या अशा खलाशांची कोणी इतकी चौकशी केली असेल असं वाटत नाही.

आणि आपल्या गावचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०). पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला. भावाला शोधायला निघालेली राजी, गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, सावल्यांच्या बाहुल्यांमधून उलगडणारी कथा. नकाशा नाही, रस्ता एकच आहे, म्हणजे माझ्या आवडीच्या उलट. तरी हवेल्यांच्या कोरीव कठड्यांवरून तिला चढताना पाहून ऊर भरून आला. लढायांमध्ये कॅमेरा लांब राहतो आणि मार कुठून आला ते कधी कधी कळत नाही. शेवट तर अगदी तुटल्यासारखा. पण ज्यांनी हे इथे, इतक्या कमी बळावर उभं केलं त्यांचा पुढचा गेम मी पहिल्या दिवशी घेणार.

तर, सांगा. पुढे काय?

रातकिडा, धनकवडी

ताई, ‘डेथ स्ट्रँडिंग’. दुसरं काही शोधू नका. पीसीवर २०२० मध्ये आला, १६५० वर चालतो. पाठीवर सामान लादून एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचवायचं, एवढंच काम. पण जमीन हाच शत्रू आहे. नकाशा आडवा करून चढ-उतार बघता येतो, त्यावर स्वतःची रेघ आखायची, आणि चालायला लागलात की त्या रेघेवर प्रकाशाचे खांब दिसतात. नदी किती खोल आहे ते स्कॅनर मारल्यावर रंगावरून कळतं. शिडी कुठे टाकायची, दोर कुठे बांधायचा हे तुम्ही ठरवायचं. एखादा प्रदेश नेटवर्कला जोडला की दुसऱ्या खेळाडूंनी टाकलेल्या शिड्या तुमच्या जगात दिसू लागतात. अनोळखी माणसाची शिडी नेमक्या ओढ्यावर सापडली की फार बरं वाटतं.

आणि कधी कोणाचा स्विच (निन्टेंडोचा गेम कन्सोल) मिळाला तर झेल्डाचा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. मनोऱ्यावर चढल्यावर नुसती जमीन उघडते, खुणा आपण करायच्या. त्याच्या दिग्दर्शकाने, फुजिबायाशींनी, आपल्या ओळखीच्या क्योटो शहराचा नकाशा गेमच्या जगावर ठेवून अंतरांचा अंदाज घेतला होता.

नळस्टॉप

थोडं वेगळं मत मांडतो. तिपाई, तुमचं लिखाण आवडलं, पण त्सुशिमा आणि विचरवर अन्याय झालाय. मी रोज हिंजवडीहून परत येतो. घरी पोचल्यावर पुन्हा रस्ता शोधण्याची ताकद माझ्यात उरत नाही. वाऱ्यामागे घोडा सोडून द्यायचा, वाटेत पिवळा पक्षी दिसला तर त्याच्या मागे जायचं, गरम पाण्याच्या कुंडात बसायचं, यात मला विश्रांती मिळते, आणि ती खोटी नाही. गेमने हात धरला म्हणजे खेळणाऱ्याला कमी लेखलं असं होत नाही.

विचरबद्दल एक उपयोगाची गोष्ट. डिसेंबर २०२२ च्या मोफत अपडेटमध्ये नकाशाला फिल्टर आला आहे. प्रश्नचिन्हं लपवता येतात. त्याने स्केलिगेचा समुद्र पुष्कळ सुसह्य होतो.

तिपाई, कर्वेनगर

@नळस्टॉप, विश्रांतीचं पटलं. माझा नवराही फक्त ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळतो, रोपांना पाणी घालतो आणि झोपतो, आणि तो गेम चांगला आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा मुद्दा जरा वेगळा. बाण असायला हरकत नाही, पण बाण काढून टाकला तरी जग वाचता आलं पाहिजे. विचरमध्ये मी बाण बंद करून पाहिलं. गावकरी काम सांगतो, पण ते घर ओढ्याच्या कुठल्या बाजूला, टेकडीच्या अलीकडे की पलीकडे, हे बऱ्याचदा सांगतच नाही, कारण लिहिणाऱ्याने बाण गृहीत धरलेला असतो. वेल्ह्याच्या बाजूला वाट विचारली तर म्हातारी बाई सांगते, ‘चिंचेपासून खाली उतर, पांदीनं सरळ जा, विहीर लागली की म्हसोबाला डावा घाल.’ ते ऐकूनच ती जागा डोळ्यांपुढे उभी राहते. गेममधल्या माणसांनी असं बोलावं एवढंच माझं म्हणणं. फिल्टरबद्दल आभार, पुन्हा लावून बघते.

@रातकिडा, डेथ स्ट्रँडिंग विशलिस्टमध्ये टाकला. क्योटोची गोष्ट वाचून कालच कागदावर कोथरूड ते स्वारगेट अंतर घेऊन एल्डन रिंगमधला पहिला प्रदेश त्यात कसा बसेल ते मांडून पाहिलं. गेममध्ये आपण किती भराभर अंतर तोडतो हे त्यातून दिसलं. घोडा नसता तर तो प्रदेश पुष्कळ मोठा वाटला असता.

जुनी_डिस्क, सदाशिव पेठ

पांदीने सरळ जा म्हणणारा गेम आहे. ‘मोरोविंड’, २००२, बेथेस्डाचा. कामाच्या जागेवर बाण नाहीत. माणसं तोंडी वाट सांगतात, ती रोजनिशीत नोंदली जाते, आणि तुम्ही ती वाचत वाचत चालायचं. नदीच्या काठाने उत्तरेला, पूल ओलांडला की फाट्यावर पूर्वेला, अशी. काही ठिकाणी सांगणाराच चुकीचं सांगतो, त्याचा राग येतो, पण खऱ्या आयुष्यातही येतोच. लांबच्या प्रवासाला सिल्ट स्ट्रायडर नावाचे उंच पायांचे अवाढव्य किडे, तेही ठरावीक गावांमध्येच, त्यामुळे कुठून कुठे जाता येतं याचं गणित डोक्यात बसवावं लागतं. लढाई आज खेळताना ओबडधोबड वाटेल, तलवार समोरच्याला लागलेली दिसते आणि फाशाच्या हिशोबाने चुकते. तेवढं सहन करा. ओपनएमडब्ल्यू (हाच गेम चालवणारं नवं मोफत इंजिन) वापरलंत तर नव्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतो.

जाता जाता, नकाशाचा विषय निघालाच आहे तर ‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) सांगतो. त्यात मराठे घेऊन खेळता येतं. मोहीम १७०० साली सुरू होते, म्हणजे ज्या वर्षी राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन झालं आणि कारभार ताराबाईंच्या हाती आला तेच वर्ष. समोर मुघल. शाळेत वाचलेलं सगळं आठवत मी ती मोहीम खेळलो होतो.

मधली_सुट्टी

मी गेम खेळत नाही, पण मुलगा आठवीत आहे आणि सुट्टीत काय घेऊन द्यावं हा प्रश्न आहे. सारखं मोबाइलवर गोळीबार चालू असतो. तिपाईताई, यातलं त्याच्यासाठी काय बरं?

तिपाई, कर्वेनगर

@मधली_सुट्टी, राजी द्या. मारामारी आहे, पण राक्षसांशी, आणि त्याला गोष्टीतली पात्रं ओळखीची वाटतील. नंतर हॉलो नाइट, चिकाटी असेल तर. आउटर वाइल्ड्सही चालेल, विज्ञानाची आवड असेल तर वेडच लागेल, फक्त इंग्रजी वाचन भरपूर आहे. फायरवॉच इतक्यात नको, भाषा आणि विषय मोठ्यांचे आहेत. ओब्रा डिनमध्ये मरणाची दृश्यं भयानक आहेत, तोही दोन-चार वर्षांनी. जमलं तर पहिले काही दिवस शेजारी बसा. तो कुठे अडतो आणि कसा सुटतो हे बघायला तुम्हालाही आवडेल.

@जुनी_डिस्क, मोरोविंड आजच उतरवते.

गडवाट

हा धागा आत्ता वाचला. एवढ्या सगळ्यांत कोणी ‘मियास्माटा’चं नाव घेतलं नाही? २०१२ चा, दोन भावांनी मिळून केलेला. तुम्ही साथीने आजारी पडलेले शास्त्रज्ञ, एका बेटावर. झाडं गोळा करून प्रयोगशाळेत औषध तयार करायचं. पण तिपाईंसाठी खरी गोष्ट ही: नकाशा त्रिकोणमितीने काढावा लागतो. ओळखीच्या दोन खुणा दिसल्या की त्यांच्यावर रोख धरायचा, नकाशावर दोन रेषा पडतात, त्या छेदतात तिथे तुम्ही. तेवढाच भाग उजळतो. खुणा दिसत नसतील तर तुम्ही कुठे आहात हे गेमलाही सांगता येत नाही. शिवाय एक जनावर मागावर असतं.

तिपाई, कर्वेनगर

@गडवाट, तुमचे उपकार कसे फेडू!

मियास्माटा घेतला आणि खेळतेय. डिप्लोमाला प्लेन टेबल शिकलो होतो. तिपाईवर फळा, त्यावर कागद, ॲलिडेडने (रोख धरायच्या पट्टीने) रोख धरायचा आणि पट्टीच्या कडेने रेघ मारायची. दोन ठिकाणांहून एका खुणेवर रोख धरून ती खूण कागदावर आणायची ते इंटरसेक्शन, आणि ठाऊक असलेल्या खुणांवरून आपली जागा काढायची ते रिसेक्शन. आता कामावर सगळं यंत्रच करतं, जीपीएस खांब रोवला की आकडे हजर. इतक्या वर्षांनी ही पद्धत मी एका गेममध्ये पुन्हा हाताने करतेय. १८०२ मध्ये लँबटनने मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली ती मुळात याच तत्त्वावर, आणि सिंहगडावर उभं राहून तोरणा नि राजगड ओळखू येणाऱ्या कोणालाही हा गेम लगेच समजेल.

काय जमलंय ते सांगते. अनोळखी पुतळा दिसला की त्याच्याकडे धावायचं नाही. आधी दोन वेगवेगळ्या उंचवट्यांवरून त्याच्यावर रोख धरायचा, तो नकाशावर बसवायचा, मग पुढच्या दरीत तोच आपला आधार होतो. उंचवटे निवडताना दोन रेषांमधला कोन फार लहान नको, हे आम्ही प्रत्यक्षात पाळतो तेच मी इथे पाळते. उतारावर धावलं की तोल जाऊन माणूस गडगडत खाली जातो, ताप वाढतो, आणि उठल्यावर कुठलीच ओळखीची खूण दिसत नाही. अशा वेळी पुन्हा वर चढण्यावाचून इलाज नसतो.

जे आवडलं नाही तेही सांगते. झाडांची शोधाशोध मधेच कंटाळवाणी होते, प्रयोगशाळेतला भाग चार-दोन वेळा केला की त्यात नवं काही उरत नाही, आणि चित्रं आजच्या मानाने साधी आहेत. ज्याला नकाशात रस नाही त्याने हा गेम घेऊ नये.

रातकिडा, धनकवडी

ताई, सेव्ह कुठेही होतो का? तुम्हाला तासच मिळतो म्हणाला होतात.

तिपाई, कर्वेनगर

नाही, छावणीत पोचल्याशिवाय होत नाही. म्हणून मियास्माटा दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, सुट्टी असते तेव्हा. आठवड्यात रात्री मोरोविंड, तो कुठेही सेव्ह होतो. बाल्मोराच्या वाटेवर आहे, पूल लागलाय, आता फाटा शोधतेय. डेथ स्ट्रँडिंग सेलमध्ये आला की कळवा.